पाचगणीच्या जांभ्याखालचं पाणी

'आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार' असा पाचगणीच्या टेबललँडचा लौकिक दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे वाचायला मिळतो. अख्खं दख्खन पठारच असताना शंभरेक एकरांच्या माळाला हा मान कुणी बहाल केला, देव जाणे. दुसरा गैरसमज म्हणजे लाव्हा सपाट पसरला म्हणून माथा सपाट. डोंगर लाव्ह्याचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण माथ्यावर पायाखाली येतो तो काळा बेसाल्ट नव्हे, जांभा.

उष्ण, पावसाळी हवेत बेसाल्ट कुजतो. किंचित आम्लधर्मी पाणी त्यातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेतं. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. भूजलाची पातळी ऋतूनुसार वरखाली होते. प्राणवायू कमी असतो तिथे लोह विरघळतं (Fe²⁺), हवा लागते तिथे साकळतं (Fe³⁺). अशी कैक आवर्तनं झाली की अनारशासारखं जाळीदार, कठीण कवच तयार होतं, तोच जांभा. त्याखाली असते अर्धकुजल्या खडकाची मऊ चिकणमाती.

पाऊस जांभ्यातून झपाट्याने मुरतो, चिकणमातीवर अडतो आणि आडवा सरकत कड्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. दांडेघर, गोडवली, खिंगर, आंब्रळ, तायघाट ही पाच गावं आज पर्यटकांच्या गर्दीत हरवली आहेत. पण या रांगेतल्या जुन्या वस्त्या माथा सोडून उताराला का, याचं बरंचसं उत्तर या झऱ्यांत आहे. 'डेव्हिल्स किचन'सारख्या गुहाही इथल्याच: खालची मऊ माती झिजते, वरचं छत टिकतं. पांडवांना कामाला लावायची गरज नाही.

तळहातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्याला पैसे देण्याआधी झरा मोजावा. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर मिनिटाला १५ आणि दिवसाला २१,६०० लिटर. मार्च ते मे दर पंधरवड्याला मोजलं की आटण्याचा वेग कळतो. पाणी मुरवायला चर खणायचे ते झऱ्याच्या वर, माथ्याकडे. झऱ्याखालच्या चरांचा त्या झऱ्याला काडीचा उपयोग नाही. माथ्यावर काँक्रीट झालं तर मुरणंच थांबतं. बोअरने चिकणमातीचा थर भेदला आणि केसिंग (बोअरच्या आतला पाइप) नीट बसलं नाही, तर वरचं पाणी खाली निसटतं. सर्वांत वाईट म्हणजे जांभ्यात खणलेला शोषखड्डा. जाळीतून मैला गाळला जात नाही, वाहत जातो. कड्याजवळच्या हॉटेलाचं सांडपाणी खालच्या पाणवठ्यावर पोचायला भर पावसाळ्यात फार वेळ लागत नाही, आणि पाणी दिसायला मात्र स्वच्छच असतं.