मूळ अवयव चार, विभाजक बहात्तर

नौपाड्याचा पिनकोड ४००६०२, बाळकुमचा ४००६०८. टपाल खात्याने हे आकडे गणित डोळ्यांपुढे ठेवून दिलेले नाहीत, पण मूळ अवयव आणि विभाजक यांतली गल्लत सोडवायला ठाण्यातली ही जोडी नामी आहे. स्कॉलरशिपची तयारी करणारी पोरंसुद्धा इथे घसरतात: संख्या चार मूळ संख्यांनी बनली ना, मग विभाजकही चारच!

आधी नौपाडा फोडू. २ ने भाग जातो, ३ ने जातो, उरतात ६६७६७. इथे गाडी अडते. ७, ११, १३ करत थेट १७९ पर्यंत जावं लागतं, तेव्हा कुठे ३७३ हाती लागतो. म्हणजे २ × ३ × १७९ × ३७३.

बाळकुम त्यामानाने गरीब गाय. पाचदा निम्मं करत गेलं की १२५१९ उरतात. अंकांची बेरीज १८, म्हणून ९ ने भाग जातो आणि १३९१ येतात. ते १३ × १०७. वेगवेगळ्या मूळ संख्या इथेही चारच: २, ३, १३, १०७. फक्त २ पाच वेळा आणि ३ दोन वेळा आहे.

आता विभाजक मोजा. नौपाड्याला १६, बाळकुमला ७२!

विभाजक तयार करताना प्रत्येक मूळ संख्या किती वेळा घ्यायची, एवढंच ठरवायचं असतं. नौपाड्यात एकतर घ्या नाहीतर सोडा, म्हणून २ × २ × २ × २ = १६. बाळकुममध्ये २ शून्य ते पाच वेळा घेता येतो, म्हणजे सहा पर्याय. ३ चे तीन. उरलेल्या दोघांचे दोन-दोन. ६ × ३ × २ × २ = ७२. समजा २ तीनदा, ३ एकदा, १३ एकदा घेतले आणि १०७ सोडला, तर ३१२ मिळतात. करून बघा, ४००६०८ ला ३१२ ने भागल्यावर बरोबर १२८४ येतात. काहीच घेतलं नाही तर १, सगळं घेतलं तर ती संख्या स्वतः. पोरं नेमके हे दोनच विसरतात.

कळव्याचा ४००६०५ म्हणजे ३ × ५ × १७ × १५७१. पुन्हा कुणी येत नाही, म्हणून विभाजक १६, नौपाड्याशी बरोबरी.

४ ने सुरू होणाऱ्या कुठल्याच पिनकोडला सहापेक्षा जास्त वेगवेगळे मूळ अवयव असू शकत नाहीत, कारण सर्वांत लहान सात मूळ संख्यांचा गुणाकारच ५१०५१० भरतो. एवढे सात असूनही त्याचे विभाजक १२८. उलट ७२०७२० मध्ये मूळ संख्या सहाच, पण २ चार वेळा आणि ३ दोन वेळा, त्यामुळे विभाजक २४०. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या अशा संख्यांवर श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ साली दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. दहा लाखांच्या आत २४० च्या पुढे कुणीच जात नाही.