गुडघ्याची गादी फाटली: क्लेमच्या कागदांवर निदान आणि कोड कसा लिहून घ्यावा

गुडघ्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन (आर्थ्रोस्कोपी) झालं की क्लेम बहुतेक वेळा पैशांच्या आकड्यावर अडत नाही, निदानाच्या एका ओळीवर अडतो. आपण सरसकट ‘गादी फाटली’ म्हणतो, पण कागदावर ही दोन वेगळी दुखणी आहेत. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराची जी गादी असते ती मेनिस्कस. हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर म्हणजे आर्टिक्युलर कार्टिलेज. दोन्ही कूर्चाच, कोड मात्र वेगवेगळे.

विम्याच्या फॉर्मवर आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला, कोड लागतो. ताज्या दुखापतीचे कोड ‘एस’ अक्षराने सुरू होतात: मेनिस्कसची ताजी फाट एस८३.२, आर्टिक्युलर कार्टिलेजची ताजी फाट एस८३.३, आणि मेनिस्कससोबत लिगामेंटही (हाडांना जोडणारा पट्टा) गेलं असेल तर एस८३.७. जुनं दुखणं ‘एम’मध्ये जातं. जुन्या फाटीमुळे बिघडलेला मेनिस्कस एम२३.२, सांध्यात सुटा तुकडा फिरत असेल तर एम२३.४, वाटीमागची कूर्चा मऊ पडली असेल तर एम२२.४, झिजेचा संधिवात एम१७.

या एका अक्षरावर पात्रता ठरते. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस आजारपणाचा खर्च मिळत नाही, अपघाताचा मिळतो. ठरावीक आजारांच्या यादीला साधारण २४ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी असतो (२०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६). या यादीत सांध्यांची झीज आणि बऱ्याच पॉलिसींत ‘इंटर्नल डिरेंजमेंट ऑफ नी’ (गुडघ्याच्या आतला बिघाड) सापडतं. पण तेच दुखणं अपघाताने झालं असेल, तर ही अट लागू होत नाही. म्हणजे पॉलिसीला आठ महिने झालेत आणि जिन्यावरून पडून मेनिस्कस फाटला, तर एस८३.२ वर क्लेम बसतो. त्याच माणसाच्या डिस्चार्ज कार्डवर घाईत एम२३ पडला, तर नकार येतो.

ताजं कुठवर आणि जुनं कधीपासून? आयसीडीच्या पुस्तकात त्यासाठी आठवड्यांची सीमारेषा नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं आणि शब्दांत लिहायचं. कोड टाकणारा कर्मचारी कागदावर जे आहे तेवढंच वाचतो, स्वतःचा अंदाज तो लावू शकत नाही. आणि झीज असताना ‘दुखापत’ लिहून घेणं हा उपाय नव्हे, एमआरआय ते उघडं पाडतोच. जुन्या झिजेवर नवी दुखापत झाली असेल, तर तसंच लिहून दोन्ही कोड द्यावेत.

डिस्चार्ज कार्डवरची ही ओळ बघा: ‘गुडघेदुखी, इंटर्नल डिरेंजमेंट, आर्थ्रोस्कोपी केली.’ कोणता गुडघा, कधीपासून, काय फाटलं, काय केलं, यातलं काहीच नाही. आता ही: ‘१२ जूनला ओल्या जिन्यावर पाय घसरून उजवा गुडघा पिळला गेला, त्याच रात्री सूज, पाय पूर्ण सरळ होत नाही. एमआरआयमध्ये मीडियल मेनिस्कसच्या मागच्या भागात ग्रेड ३ फाट, हाडात सूज. उजव्या गुडघ्याची आर्थ्रोस्कोपी, मेनिस्कसला टाके.’ दुसऱ्या ओळीवर क्वेरी (विमा कंपनीची विचारणा) निघायला जागा कमी. एमआरआयमधला ग्रेड ३ म्हणजे फाट मेनिस्कसच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेली. ग्रेड १-२ वर ऑपरेशन झालं असेल, तर विमा कंपनी कारण विचारणारच.

उजवा-डावा शब्दांत लिहिणं सोडू नका, कारण भारतात वापरतात त्या आयसीडी-१० च्या निदान कोडमध्ये बाजू नसतेच. गंमत म्हणजे फॉर्मवर ऑपरेशनच्या कोडसाठी आयसीडी-१०-पीसीएस ही अमेरिकी पद्धत छापलेली आहे आणि तिच्यात बाजू असते: चौथ्या जागी ‘सी’ म्हणजे उजवा गुडघा, ‘डी’ म्हणजे डावा. तिसऱ्या जागी ‘बी’ म्हणजे भाग कापून काढला, ‘क्यू’ म्हणजे दुरुस्त केला. एमआरआय डाव्याचा आणि कोड ‘सी’चा, अशी चूक टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर लगेच पकडली जाते. मोबाइलवर शोधून निदानाचा कोड घेतला, तर हमखास एस८३.२११ए असा लांबलचक अमेरिकी कोड हाती येतो. आपल्या फॉर्मला एस८३.२ पुरतो.

आर्टिक्युलर कार्टिलेजचं ऑपरेशन असेल तर ओटी नोटमध्ये (ऑपरेशनच्या नोंदीत) तीन गोष्टी हव्यात: जागा (मांडीच्या हाडाचा आतला गोळा, वाटी की आणखी कुठे), लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि खोली. खोलीसाठी आयसीआरएस ग्रेड (कूर्चेच्या नुकसानीची श्रेणी) चालतो: २ म्हणजे थराच्या निम्म्याहून कमी, ३ म्हणजे निम्म्याहून जास्त, ४ म्हणजे हाडातही शिरलेली. नुसतं ‘कार्टिलेज डॅमेज’ लिहिलं की झीज धरली जाते.

क्लेम फॉर्मचा भाग ए तुम्ही भरायचा, भाग बी हॉस्पिटलने. भाग बी सही-शिक्क्यासह हातात आला की ‘दुखापतीमुळे दाखल?’ हा रकाना तपासा. निदान एस८३ आणि रकान्यात ‘नाही’, हा घोळ फार नेहमीचा. दुखापतीसोबत तिचं कारणही कोडमध्ये देता येतं: जिन्यावरून पडणं डब्ल्यू१०, सपाट जागी घसरणं डब्ल्यू०१, कबड्डीत दुसऱ्याच्या धक्क्याने पडणं डब्ल्यू०३. रस्त्यावरचा अपघात असेल तर एमएलसी (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली नोंद) आणि एफआयआरची प्रत लागते. पोलिसांत कळवलं नसेल, तर का नाही, हे लिहायला फॉर्ममध्येच जागा आहे. ती रिकामी ठेवू नका.

सोबत जोडायचं: ओळखपत्र, डिस्चार्ज कार्ड, ओटी नोट, एमआरआयचा रिपोर्ट आणि फिल्म, मुख्य बिल व त्याची फोड, औषधांची बिलं चिठ्ठ्यांसह, टाक्यांसाठी वापरलेल्या इम्प्लांटचे स्टिकर आणि बिल, दुर्बिणीतून काढलेले फोटो. आणि सगळ्यात महत्त्वाचा, पहिल्या तपासणीचा केसपेपर. दुखापतीची तारीख त्याच्यावरून पडताळतात. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ‘कधीचं दुखतंय’ याचं उत्तर नेमकं द्या. ‘खूप दिवसांपासून’ असं बोलून गेलात की ते तसंच लिहिलं जातं आणि पुढे फाईलभर फिरतं.

ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी बहुतेक पॉलिसी दोन-तीन दिवस आधी कळवायला सांगतात. कॅशलेसची विनंती पोचल्यावर विमा कंपनीने एक तासात निर्णय द्यायचा आणि घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा नियम २०२४ पासून आहे. प्री-ऑथमधलं (कॅशलेसच्या विनंतीतलं) निदान आणि डिस्चार्ज कार्डवरचं निदान जुळलं पाहिजे. दुर्बिणीत वेगळं काही सापडलं, तर ओटी नोटमध्ये तसं वाक्य हवं. मेनिस्कसवर त्याच दिवशी घरी सोडून केलेलं ऑपरेशन डे-केअरमध्ये बसतं, मात्र नुसतं आत बघण्यासाठी केलेल्या आर्थ्रोस्कोपीचा खर्च ‘तपासणीसाठी दाखल’ म्हणून नाकारला जाऊ शकतो.

क्वेरी आली तर जुन्या डिस्चार्ज कार्डवर खाडाखोड करून घेऊ नका. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर वेगळा खुलासा घ्या: दुखापतीची तारीख, बाजू, फाट ताजी की जुनी आणि तसं म्हणण्याचा आधार. खाली खुलासा लिहिल्याच दिवसाची तारीख, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. मागची तारीख टाकलेला खुलासा फाईलमध्ये सापडला की आधीचे खरे कागदही संशयात येतात.