शेरीफचं वाक्य आणि चार ठोके

लिंकन आणि केनेडी यांच्यातल्या 'थक्क करणाऱ्या योगायोगां'ची यादी परवा पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर आली. लिंकनच्या सेक्रेटरीचं आडनाव म्हणे केनेडी! त्याचे सेक्रेटरी होते निकोले आणि हे, पण यादी फिरतेच आहे. केनेडी प्रकरणातली खरी नवलाची गोष्ट मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

22 नोव्हेंबर 1963, दुपारी साडेबारा, डॅलसचा डीली प्लाझा हा चौक: अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची ताफ्यातून जाताना गोळ्या झाडून हत्या झाली. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पुढे 1964 मध्ये सरकारी चौकशीचा वॉरन आयोग म्हणाला, मारेकरी ऑस्वाल्ड एकटाच होता. 1979 मध्ये अमेरिकी संसदेची समिती म्हणाली, बहुधा कट होता. समितीचा मुख्य आधार होता पोलिसांच्या वायरलेसचं ध्वनिमुद्रण.

वायरलेसचे चॅनल दोन, आणि मुद्रण करणारी यंत्रंही दोन. एका मोटारसायकलवरचा माईक चालूच अडकून राहिला आणि पहिल्या चॅनलवर काही मिनिटं नुसती इंजिनाची घरघर उमटली. त्या घरघरीत समितीच्या तज्ज्ञांना गोळ्यांचे वाटणारे चार ठोके सापडले. गोळीचा आवाज माईककडे सरळ येतो, तसाच भोवतीच्या इमारतींवर आपटूनही येतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे ज्या प्रतिध्वनीला 34 मीटरचा वळसा पडला, तो एक दशांश सेकंद उशिरा पोचणार. बंदूक आणि माईक यांच्या जागा बदलल्या की प्रतिध्वनींची ही नक्षीही बदलते. 1978 मध्ये त्याच चौकात गोळ्या झाडून नक्ष्या नोंदवल्या आणि ठोक्यांशी ताडून पाहिल्या. निष्कर्ष निघाला की एक गोळी चौकातल्या गवताळ टेकाडावरून, म्हणजे ऑस्वाल्डच्या नव्हे तर दुसऱ्याच कुणाच्या बंदुकीतून आली, शक्यता 95 टक्के. आकडा भारदस्त खरा, पण ठोके नेमके किती वाजताचे, हे कुणी स्वतंत्रपणे तपासलं होतं?

वेळेचा हा घोळ ध्यानात आला ओहायोतल्या एका ड्रमवादकाच्या. मासिकासोबत आलेली, या मुद्रणाची प्लॅस्टिकची तबकडी तो पुन्हापुन्हा ऐकत होता. ठोक्यांच्याच जागी त्याला पुसट शब्द लागले, "होल्ड एव्हरीथिंग सिक्युअर". तपास अधिकारी येईपर्यंत सगळं बंदोबस्तात ठेवा, असं सांगणारं शेरीफ बिल डेकर यांचं हे वाक्य दुसऱ्या चॅनलवर स्वच्छ ऐकू येतं. पण तिथे ते पोलीसप्रमुखांच्या 'हॉस्पिटलकडे चला' या हुकुमानंतर येतं! जवळच्या एखाद्या पोलीस रेडिओच्या स्पीकरमधून निघालेला हा आवाज अडकलेल्या माईकने टिपला होता.

भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन रॅम्झी यांच्या समितीने 1982 मध्ये दोन्ही चॅनलवरच्या त्या वाक्याचे वर्णपट, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंप्रता किती जोरात आहे याचे आलेख, शेजारी ठेवले. ते जुळले. डेकर बोलले ते हत्येनंतर सुमारे मिनिटभराने. म्हणजे ठोकेही तेव्हाचेच, आणि तोवर केनेडींच्या ताफ्यातल्या गाड्या हॉस्पिटलच्या वाटेला लागलेल्या; मग ते ठोके गोळ्यांचे असूच शकत नाहीत. (याच रॅम्झींना पुढे 1989 मध्ये आण्विक घड्याळांना उपयोगी पडलेल्या पद्धतीसाठी नोबेल मिळालं. इथे त्यांनी शेरीफच्या वाक्याचंच घड्याळ केलं.)

यातून कट नव्हता असं सिद्ध होत नाही. कटाचा एक पुरावा तेवढा बाद होतो. टेकाडावरून गोळी आली असं मानणारे गप्प बसले नाहीत. 2001 मध्ये एका शोधनिबंधाने हे सगळं पुन्हा उकरून काढलं. पण शब्द डेकरांचेच, हे त्यांनाही मान्य. तक्रार आता अशी, की मुद्रणयंत्राची सुई मध्येच उडाली असेल आणि वाक्य भलत्याच जागी उमटलं असेल.