तोंडाला सुटणारं पाणी, मिरचीचा जाळ आणि रिसेप्टरचा शोध

मिसळीच्या प्लेटमधला कट नुसता दिसला तरी कोल्हापूरकराच्या तोंडाला पाणी सुटतं. हा निरोप मेंदूकडून मज्जातंतूंतून लाळग्रंथीपर्यंत येतो आणि तिथं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन ग्रंथीच्या पेशींवर जाऊन बसतं. ते ज्या प्रथिनावर बसतं तो रिसेप्टर. मराठी पुस्तकांत त्याला ‘ग्राही’ म्हणतात. बारावीचं पोरगं आज हे एका दमात सांगतं. पण पेशीवर असं काही असतं, या विचाराचं एक मूळ लाळेच्याच प्रयोगांत आहे.

केंब्रिजमध्ये जॉन लँग्ली नावाचा तरुण संशोधक प्राण्यांच्या लाळग्रंथींवर काम करत होता. ब्राझीलकडच्या एका झाडातून मिळणारं पिलोकार्पिन दिलं की लाळ वाहायची, ॲट्रोपिन दिलं की थांबायची. आपल्याकडं बांधावर उगवणाऱ्या आणि महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्यातही ॲट्रोपिन असतं. म्हणून धोतरा पोटात गेलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. लँग्लीला दिसलं की दोन्ही द्रव्यांत जे जास्त, त्याची सरशी होते. मग दोघं एकाच जागेसाठी भांडत असणार. मज्जातंतूच्या टोकाशी किंवा ग्रंथीच्या पेशीत असा काही पदार्थ असावा, ज्याला ही दोन्ही द्रव्यं चिकटू शकतात, असं त्यानं १८७८ साली लिहिलं.

हे भांडण आजही आपल्या दवाखान्यांत बघायला मिळतं. उसात किंवा भाजीच्या प्लॉटवर फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं औषध अंगात गेलेला शेतकरी आणला जातो, तेव्हा त्याच्या तोंडाला फेस असतो, डोळे वाहत असतात, छातीत घरघर असते. ॲसिटिलकोलिनची विल्हेवाट लावणारं विकर त्या विषानं बंद पाडलेलं असतं, आणि साचलेलं ॲसिटिलकोलिन रिसेप्टरवरून हलत नाही. डॉक्टर ॲट्रोपिन देतात, पुन्हा देतात, छाती मोकळी होईपर्यंत देत राहतात. लँग्लीनं प्राण्यांच्या लाळेत पाहिलेली चढाओढ इथं एका माणसाच्या श्वासासाठी चाललेली असते.

१९०५ मध्ये लँग्लीनं कोंबडीच्या स्नायूवर निकोटीन लावलं. मज्जातंतू आधीच कापून निकामी झालेला होता, तरी स्नायू आखडला. स्नायू लुळे पाडणारं क्युरारे हे विष दिल्यावर निकोटीनचा जोर ओसरला, पण विजेचा झटका दिला की स्नायू हलत होताच. म्हणजे दोन्ही द्रव्यं ना मज्जातंतूवर काम करत होती, ना स्नायूच्या आखडणाऱ्या भागावर. मधे आणखी काहीतरी होतं. त्याला त्यानं ‘ग्रहण करणारा पदार्थ’ म्हटलं. ‘रिसेप्टर’ हा शब्द मात्र जर्मनीतल्या पॉल एर्लिख यांचा, १९०० सालचा. ते जंतूंची विषं पेशीला कशी चिकटतात ते शोधत होते. साधी औषधंही अशीच चिकटतात, हे त्यांना बऱ्याच उशिरा पटलं.

पुढची कित्येक दशकं रिसेप्टर हा कागदावरचा हिशेबच राहिला. इंग्लंडच्या हेन्री डेल यांच्यासारखा मोठा संशोधकही या कल्पनेकडं साशंकपणे बघत होता. अमेरिकेत रेमंड अल्क्विस्ट यांनी ॲड्रेनलिनसारखी सहा द्रव्यं वेगवेगळ्या अवयवांवर वापरून पाहिली आणि मांडलं की या द्रव्यांना उत्तर देणारे रिसेप्टर दोन जातींचे आहेत, अल्फा आणि बीटा. तो लेख आधी एका नियतकालिकानं परत पाठवला. १९४८ मध्ये दुसरीकडं छापून आला.

अल्क्विस्टचं म्हणणं समजून घ्यायला खासबाग मैदानासारखी जागा नाही. हलगी कडाडते, पैलवान शड्डू ठोकून लाल मातीत उतरतो, रक्तात ॲड्रेनलिन उसळतं. हृदयावरच्या बीटा रिसेप्टरमुळं ठोके वाढतात. श्वासनळ्यांवरच्या बीटामुळं नळ्या रुंदावतात. कातडीच्या रक्तवाहिन्यांवर अल्फा असतात, त्या आकसतात. रसायन तेच, रक्तही तेच; अर्थ ठरवते ती ऐकणारी पेशी. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.

स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात अल्क्विस्टचा धागा पकडून हृदयावरचे बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध तयार केलं. हृदयाला जास्त रक्त पोचवण्यापेक्षा त्याचं कामच कमी करायचं, हा त्यांचा विचार. पण हे औषध श्वासनळ्यांवरचे बीटाही अडवतं, म्हणून दम्याच्या माणसाला घातक ठरू शकतं. घरात एकाला बीपीची गोळी आणि दुसऱ्याला दम्याचा पंप असेल, तर एकाची गोळी दुसऱ्यानं का घेऊ नये, त्याचं एक कारण इथं आहे.

रिसेप्टर हातात आला तो त्यानंतर. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी हॉर्मोनला किरणोत्सारी आयोडीन जोडून तो कुठं बसतो ते शोधलं. १९८६ मध्ये त्यांच्या गटाला बीटा रिसेप्टरचं जनुक मिळालं. हे प्रथिन पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जातं, अगदी डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनासारखं. त्या साम्यावरून कळलं की हे एक मोठं घराणं आहे. २०११ मध्ये ब्रायन कोबिल्का यांच्या गटानं निरोप आत देत असतानाच्या क्षणाचं त्याचं चित्र मिळवलं, आणि २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं.

आणि मग मिरची. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हणून गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी आणून देठं खुडायला बसलेल्या बायकांना विचारा: रात्रभर हात भगभगतात. कांडपाच्या दुकानासमोरून जाणाऱ्यालाही ठसका लागतो. बोटांना चव कळत नाही, मग आग कशाची? डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं १९९७ मध्ये दाखवलं. वेदना टिपणाऱ्या मज्जापेशींतली जनुकं त्यांनी मिरचीला दाद न देणाऱ्या पेशींत घातली, आणि कोणती पेशी कॅप्सेसिनला, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याला, उत्तर देते ते पाहत गेले. सापडलेलं प्रथिन, टीआरपीव्ही१, सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर उष्णतेनंही उघडतं. म्हणून ‘जिभेवर जाळ झाला’ ही अतिशयोक्ती नव्हे. मज्जातंतू मेंदूला नेमकं तेच कळवत असतो. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळं तांब्याभर पाणी पिऊन भागत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध जास्त कामाला येतं. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत.

पिंजऱ्यातला पोपट मात्र हीच मिरची मजेत खातो. पक्ष्यांच्या शरीरातही हा रिसेप्टर आहे आणि उष्णतेनं तो उघडतोही, पण त्याची घडण थोडी वेगळी असल्यानं कॅप्सेसिन त्याला चेतवत नाही; कोंबडीच्या रिसेप्टरवर २००२ मध्ये हे तपासलं गेलं. रानमिरचीचं बी दाढांखाली चिरडलं जातं ते उंदरासारख्या प्राण्यांच्या तोंडात. पक्ष्याच्या पोटातून ते अख्खं बाहेर पडतं आणि दूर कुठंतरी रुजतं.