भविष्यात पोचलेली सिंड्रेला

मरिसा मायर यांच्या 2012 सालच्या ‘सिंडर’ या कादंबरीत नायिका राजवाड्याच्या पायऱ्यांवरून पळत सुटते, तेव्हा मागे बूट राहत नाही, अख्खं पाऊल राहतं. ही सिंड्रेला सायबॉर्ग आहे, शरीराचा काही भाग यंत्राचा. ते धातूचं पाऊल लहानपणीचं आहे, आता मापात न बसणारं.

या पावलाचे पूर्वज शोधत मागे गेलं की बरंच काही हाती लागतं. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलेत एक सावत्र बहीण बुटात पाय मावावा म्हणून अंगठा कापते, दुसरी टाच कापते, आणि रक्तामुळे दोघींची लबाडी उघडी पडते. त्याआधी, 1697 साली, फ्रान्समध्ये शार्ल पेरॉ यांनी हीच कथा लिहिली. तीत काचेचा बूट आहे, पण रक्ताचा थेंबही नाही, आणि शेवटी सिंड्रेला बहिणींना माफ करते. त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकातल्या चीनमध्ये, तुआन छंग-षी यांनी ये श्येन नावाच्या मुलीची गोष्ट नोंदवून ठेवली होती. तिच्या मदतीला परी नाही, मेलेल्या माशाची हाडं येतात, आणि हरवतो तो सोन्याचा जोडा. मायर यांची सिंडर नव्या बीजिंगमध्ये राहते. माझ्या मते तिला तिथे ठेवणं म्हणजे कथेला पुन्हा तिच्या जुन्या घरी नेणं आहे.

प्रत्येक पिढीने या गोष्टी आपल्या सोयीने बदलल्या. पेरॉ यांच्या काळात परीकथा पॅरिसच्या उच्चभ्रू बैठकांमध्ये मोठी माणसं रंगवून सांगत. त्यांच्या लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी तिथे नाही. ग्रिम बंधूंचा 1812 चा पहिला खंडही बालवाङ्मय म्हणून रचलेला नव्हता, त्याला अभ्यासकांसाठी टिपा जोडलेल्या होत्या. मुलांच्या हातात पुस्तक जातंय हे लक्षात आल्यावर, 1857 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत, विल्हेल्म ग्रिम मजकूर घासूनपुसून घेत राहिले. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघते ती तिची सख्खी आई. 1819 मध्ये ती सावत्र झाली. मनोऱ्यात कोंडलेल्या रापुन्झेलचे कपडे घट्ट होऊ लागल्याचा, म्हणजे ती गरोदर असल्याचा, उल्लेखही पुढे गाळला गेला.

गाळलेलं परत आणण्याचं काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः लेखिकांनी केलं. रॉबिन मॅकिन्ली यांची ‘ब्यूटी’, म्हणजे ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ नव्याने सांगणारी कादंबरी, 1978 ची, किशोरांसाठीच लिहिलेली. पुढच्याच वर्षी अँजेला कार्टर यांचा ‘द ब्लडी चेंबर’ हा प्रौढांसाठीचा, परीकथांवर बेतलेला कथासंग्रह आला. दोन्हींची भाषा आणि धाडस अगदी वेगळं, पण दोन्हींत मुलगी फक्त सुंदर आणि सोशिक राहत नाही, तिला स्वतःचं मन असतं.

भविष्याकडची वाट मात्र विज्ञानकथेने आधीच पाडून ठेवली होती. पोलंडच्या स्टानिस्वाव लेम यांनी 1960 च्या दशकात राजे, सरदार आणि राजकन्या या सगळ्यांना यंत्रमानव करून टाकलं. त्यांच्या जगात माणूस हाच किळसवाणा राक्षस ठरतो. जोन व्हिंज यांच्या 1980 च्या ‘द स्नो क्वीन’ने अँडरसनची हिमराणी परग्रहावर नेली, तिला सत्ता टिकवण्यासाठी स्वतःचे क्लोन काढायला लावले, आणि विज्ञानकथांसाठीचं 1981 चं ह्यूगो पारितोषिक मिळवलं. टॅनिथ ली यांच्या 1983 च्या ‘रेड ॲज ब्लड’ संग्रहात शेवटची कथा, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’वर बेतलेली, भविष्यातल्या पृथ्वीवर घडते आणि तिच्यातलं ‘श्वापद’ परग्रहावरून आलेलं असतं.

हे दोन प्रवाह, मुलीला मन देणारा आणि कथेला यंत्रयुगात नेणारा, किशोरसाहित्यात एकत्र यायला आणखी बराच वेळ लागला. मधल्या काळात, 2008 मध्ये, ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीने दाखवून दिलं की दडपशाहीचं भविष्य या वयाचे वाचक आवडीने वाचतात. मायर यांनी ‘सिंडर’चा पहिला मसुदा लिहायला घेतला तेही 2008 मध्येच, महिनाभरात कादंबरी लिहून काढण्याच्या नोव्हेंबरमधल्या उपक्रमात. ‘सिंडर’पासून सुरू झालेली मुख्य मालिका 2015 मध्ये चौथ्या पुस्तकाने पूर्ण झाली. तिच्यात लाल टोपीवालीसमोरचे लांडगे म्हणजे जनुकं बदलून घडवलेले सैनिक, आणि रापुन्झेलचा मनोरा म्हणजे अवकाशात फिरणारा उपग्रह. त्यात कोंडलेली मुलगी हॅकिंगमध्ये तरबेज असते.

नुसती अदलाबदल कुणालाही जमते. जादूच्या छडीच्या जागी चिप बसवली की कथा भविष्यातली होत नाही, आणि या प्रकारातली कितीतरी पुस्तकं तिथेच थांबतात. ‘सिंडर’ पुढे जाते ती कायद्यामुळे. तिथे सायबॉर्ग मुलगी कायद्याने पालकाच्या मालकीची असते, आणि साथीवरच्या औषधाच्या चाचण्यांसाठी सायबॉर्गांना सोडत काढून सक्तीने नेलं जातं. जुन्या कथेत सावत्र आईची सत्ता घरापुरती होती. इथे राज्याचा कायदा तिच्या मागे उभा राहतो. पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला हे लगेच भिडतं, कारण आपल्या शरीराबद्दल, वेळेबद्दल, भविष्याबद्दलचे निर्णय दुसरंच कुणी घेतंय हा अनुभव त्या वयात रोजचा असतो.

निद्रिस्त राजकन्येच्या कथेत हाच प्रश्न आणखी बोचरा होतो. सतराव्या शतकात इटलीच्या बाझिले यांच्या कथेत टालिया झोपेत असतानाच राजा तिच्यावर बळजबरी करतो, ती झोपेतच आई होते, आणि कथा याला अत्याचार म्हणत नाही. पेरॉ यांनी तो प्रसंगच काढून टाकला. ग्रिम यांच्या कथेत राजपुत्राचं चुंबन आलं. ॲना शीहन यांच्या 2011 च्या ‘अ लाँग, लाँग स्लीप’मध्ये शाप नाही आणि चेटकीणही नाही. तिची नायिका रोझ शीतनिद्रेच्या पेटीत 62 वर्षं काढते, आणि तिला त्या पेटीत झोपवणारे तिचे स्वतःचे आईवडील असतात.