फेब्रुवारीचा घड ठरतो मे महिन्यात

फेब्रुवारीत गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जुन्नर-नारायणगावची काळी जंबो द्राक्षं उतरतात. यंदा माल कमी का, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ऑक्टोबरात पाऊस झाला. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. काडीवर घड येणार की नाही हे त्या पावसाच्या पाच महिने आधी, डोळ्याच्या, म्हणजे काडीच्या पेरावरच्या कोंबाच्या, आतच ठरून गेलेलं असतं.

थंड देशांत वेल हिवाळ्यात पानं झाडून झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून छाटण्या दोन. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी ओलांड्यावर, म्हणजे मांडवावरच्या कायमच्या जाड फांदीवर, एकेक डोळा ठेवून सगळं काढून टाकते. त्यातून नवी काडी तयार होते. ऑक्टोबरची फळछाटणी त्याच काडीवर होते आणि घड बाहेर पडतो. पहिल्या छाटणीत नुसता खर्च दिसतो, पैसा दिसत नाही. तिच्याकडे काणाडोळा होतो तो यामुळेच.

खरड छाटणीनंतर साधारण 35 ते 60 दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्यांत पेशींचे सूक्ष्म उंचवटे तयार होतात. सुरुवातीला असा उंचवटा घडही नसतो आणि बाळीही नसते, म्हणजे मांडवाच्या तारेला विळखा घालणारा तो ताणाही नसतो. पानांना भरपूर ऊन मिळालं, वाढ आटोक्यात राहिली आणि मुळांकडून सायटोकायनिन हे संजीवक येत राहिलं, तर उंचवट्याला शाखा फुटत जातात आणि त्याचा घड होतो. आभाळ भरलेलं, बुडाशी पाणी आणि शेंडा सुसाट, अशा वेळी जिबरेलिन या दुसऱ्या संजीवकाचं पारडं जड होतं आणि घडाऐवजी बाळी तयार होते. मणी फुगवण्यासाठी बागायतदार पुढे ज्या जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात घड बुडवतात, ते हेच जिबरेलिन. डोळ्यात मात्र ते वैरी ठरतं.

2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच पुण्या-मुंबईत पोचला. तारखांचा हिशेब मांडून बघा. 25 मार्चला छाटलेल्या बागेचा घडनिर्मितीचा काळ 29 एप्रिल ते 24 मे असा येतो. 20 एप्रिलला छाटलेल्या बागेचा 25 मे ते 19 जून. दोन बागा शेजारी असल्या तरी दुसरीचा जवळजवळ सगळा नाजूक काळ ढगांखाली जातो. मग सगळ्यांनी मार्चमध्येच छाटावं की! तेही जमत नाही. काढणीनंतर वेलीला खतपाणी देऊन पंधरा-वीस दिवस विसावा द्यावा लागतो. मार्चअखेरपर्यंत माल वेलीवर असेल तर छाटणी एप्रिलमध्येच जाणार. घाईने छाटलेल्या अशक्त वेलीवर फुटी मागेपुढे निघतात. त्यात कोरडं ऊन चाळिशीपार गेलं तर काही डोळे फुटतच नाहीत. अशा वेळी संध्याकाळी ओलांड्यावर पाण्याची फवारणी करतात.

ढग हटवता येत नाहीत, पण मांडवातली सावली हटवता येते. द्राक्षाचं एक पान त्याच्यावर पडलेल्या उपयोगी प्रकाशापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास स्वतःच शोषून घेतं. दुसऱ्या थरातल्या पानाला दहावा हिस्साही मिळत नाही आणि तिसरं पान तर वेलीवर नुसतं बसून खातं. दुपारी मांडवाखाली उभं राहून जमिनीकडे बघावं. उन्हाचे कवडसे दिसत नसतील तर काड्या जास्त झाल्या आहेत. 9 बाय 5 फुटांवरच्या वेलीला 30 ते 35 काड्या पुरेत. बाकीच्या फुटी पाच पानांच्या असतानाच काढाव्यात. काडी नऊ-दहा पानांची झाली की सातव्या पानावर शेंडा मारायचा. तिथून निघणारी उपकाडी, म्हणजे सबकेन, पाच पानांवर थांबवायची. शेंडा थांबला की अन्नसाठा डोळ्याकडे वळतो. याच काळात नत्र बंद करून स्फुरद वाढवतात आणि ठिबकचं पाणी वाढीच्या काळातल्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आणतात. वरून पाऊस चालू असेल तर हा पाण्याचा ताण कागदावरच राहतो. मग उरतं ते शेंडा मारणं, बगलफुटी काढणं आणि बोदावरून, म्हणजे वेलींच्या ओळीच्या वरंब्यावरून, पाणी निघून जाईल असे चर ठेवणं. नेमकं तेव्हाच मजूर मिळत नाहीत, हा भाग वेगळा.

वाढ रोखायला पूर्वी सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) हे रसायन सढळ हाताने वापरलं जाई. 2010 मध्ये त्याच्याच अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडली. आता तो सोपा रस्ता राहिलेला नाही, आणि ते बरंच झालं.

खुंटाचाही, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर द्राक्षाचं कलम बांधतात त्याचाही, यात हात आहे. डॉगरिज खुंटाने खारं पाणी आणि अवर्षण यांत बागा तारल्या, पण तो जोमदार आहे. ओल्या मे महिन्यात तोच जोम सावली वाढवतो. नव्या लागवडीला भारी जमीन असेल तर 110 आर हा मध्यम जोमाचा खुंट बघण्यासारखा आहे. हीच गोष्ट प्लॅस्टिक आच्छादनाची. फळछाटणीनंतर ते केवडा या रोगापासून वाचवतं, कारण केवड्याच्या बुरशीला ओलं पान लागतं. पण धूळ बसलेला तोच कागद मे महिन्यात वर राहिला तर ढगांचं काम करतो. तेव्हा तो गुंडाळलेलाच बरा. बोदावरचं उसाचं पाचट मात्र बारा महिने असू द्यावं.

एवढं करूनही आत काय झालंय हे नुसत्या नजरेला दिसत नाही. म्हणून फळछाटणीच्या आठ-दहा दिवस आधी काड्या तोडून डोळे तपासून घ्यायचे. प्रयोगशाळेत डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. नमुना घेताना चूक होते ती अशी: बांधाकडच्या, उन्हातल्या जाड काड्या हाताशी येतात आणि अहवाल छान येतो. मांडवाच्या मधल्या, सावलीतल्या काड्याही द्यायला हव्यात. सबकेनच्या वेगळ्या, सरळ काड्यांच्या वेगळ्या. सबकेनवर घड बहुधा ती जिथून निघाली त्या गाठीजवळ असतो, तिथे पुढे एखादा डोळा राखून छाटतात. सरळ काडीवर तो सहाव्या ते आठव्या डोळ्यात सापडतो. सवयीने सगळीकडे पाच डोळ्यांवर कात्री चालवली तर घड असलेला डोळा बांधावर पडतो आणि दोष ऑक्टोबरच्या पावसाला जातो.

घड आहे पण बारीक आहे असं निघालं, तर तो जिरण्याची, म्हणजे पोसला न जाता नाहीसा होण्याची, भीती असते. तेव्हा पोंगा अवस्थेत (डोळा फुटत असताना) 6-बीए हे सायटोकायनिन 10 पीपीएम, म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम, फवारतात. ही पावडर थेट पाण्यात विरघळत नाही. आधी योग्य द्रावकात विरघळवून घ्यावी लागते, नाहीतर ती टाकीच्या तळाशीच बसते. आणि तपासणीत बाळीच निघाली असेल, तर त्या डोळ्यावर ही फवारणीही वायाच जाते.