गोधडी शिवायला टाकण्याआधी

साड्यांचं गाठोडं घेऊन येणारे बरेच जण आधी दर विचारतात. दरपत्रक सोबतच्या कागदावर आहे. पण गोधडी कशी होणार हे आमच्या हातांपेक्षा तुमच्या गाठोड्यावर जास्त ठरतं, आणि ते गाठोडं तुम्ही घरी बांधता तेव्हा आम्ही तिथे नसतो. म्हणून हे पत्रक. कपाट उघडून बसाल तेव्हा शेजारी ठेवा. बोहारणीला भांड्यांवर द्यायच्या साड्या काढून ठेवल्या असतील, तर त्याही एकदा उलटून पाहा. गोधडीला लागणारं कापड बहुधा त्याच ढिगात असतं.

काम वाईत, आमच्या घराच्या माडीवर चालतं. सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी अशा घरच्या तिघी. दुपारची भांडी आवरली की आळीतल्या बायका येतात आणि दिवेलागणीपर्यंत बसतात. फाडणं-जोडणं जाऊबाईंचं, धावदोरा सगळ्यांचा. थर लावायला मात्र सासूबाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. रंग जुळवण्यावरून त्यांचं आणि माझ्या मुलीचं रोज वाजतं. आजीला लालाशेजारी हिरवाच पाहिजे, नातीला राखाडी आणि फिकट गुलाबी. तुम्ही रंगांबद्दल काही सांगितलं नाहीत, तर त्या दिवशी दोघींपैकी जी जिंकेल तिच्या मनासारखी गोधडी मिळेल. तेव्हा सांगून ठेवलेलं बरं.

कोणतं कापड आणावं

सुती. वापरून, धुऊन मऊ पडलेलं सुती. नवीकोरी साडी आणू नका; तिच्यात खळ असते, सुई अडते आणि पहिल्या धुण्यात ती आटते. घरात धुतलेल्या साडीचं काय आटायचं ते आधीच आटलेलं असतं. नऊवारी लुगडी मिळाली तर उत्तम. आजोबांची धोतरं, पंचे, लेंगे हे तर आतल्या थरांसाठी साड्यांपेक्षाही चांगले: पांढरे, पातळ, रंग जायची भीती नाही. लोकांना ते आणायचं सुचतच नाही.

सुती आणि टेरिकॉट किंवा पॉलिएस्टर एकाच गोधडीत आम्ही घालत नाही. सुती कापड धुण्यागणिक थोडं हलतं, पॉलिएस्टर जागचं ढळत नाही. वर्षभरात सुती थराला चुण्या पडतात आणि पॉलिएस्टरचा थर फुग्यासारखा मोकळा राहतो. शिवाय अंगाखाली पॉलिएस्टर घाम टिपत नाही. सगळ्या साड्या पॉलिएस्टरच्याच असतील तर वेगळी, प्रवासाला नेण्यासारखी पातळ गोधडी करून देऊ. थंडीत ती उपयोगाची नाही, हे आताच सांगतो. जॉर्जेट आणि शिफॉन मात्र नको. ते हातातून निसटतं, टाका धरत नाही.

रेशमी साड्यांबद्दल थोडं स्पष्ट बोलावं लागेल. जुनं रेशीम घडीवर विरतं. बाहेरून साडी धड दिसते, पण अंगठ्यांनी ताणली की घडीच्या रेषेवर चरकन फाटते. जरीचा काठ टोचतो, त्याचे धागे सुटून दोऱ्यात अडकतात. पैठणीची गोधडी करून द्या, अशी मागणी हल्ली वाढली आहे, पण ते काम आम्ही घेत नाही. फार तर पदराचा धड असलेला तुकडा सुती कापडावर बसवून मधोमध लावू. तोही पायांकडच्या बाजूला नाही. आणि पैठणी धड असेल तर कशाला कापायची? नेसा ना.

घरी पारख करायला दोन गोष्टी पुरतात. साडी खिडकीत उजेडासमोर धरा. जिथे विरळ जाळी दिसेल तिथे खडूने खूण करा. सहावारी बहुतेक निऱ्यांच्या तळाशी आणि खांद्यावर विरते, नऊवारी काष्ट्याच्या भागात. तेवढं आम्ही कापून टाकतो, सगळी साडी बाद करत नाही. दुसरं, ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून पाहा. फडक्याला रंग लागला तर ती साडी वेगळ्या पिशवीत आणा. मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो असं पुष्कळ जणी सांगतात. कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. अशी साडी चार-पाच वेळा धुऊन रंग जायचा थांबला तरच घेतो, नाहीतर परत देतो. एक कच्चा लाल काठ अख्ख्या पांढऱ्या अस्तराची वाट लावतो.

किती साड्या लागतात

साध्या सहावारी साडीची लांबी १८ फूट आणि पन्हा साधारण ४५ इंच. एका माणसाच्या पाच बाय सात फुटी गोधडीसाठी आम्ही सव्वापाच फुटांचे तुकडे पाडतो. एका साडीत असे तीन तुकडे निघतात आणि दोन तुकडे जोडले की एक थर होतो. म्हणजे दोन साड्यांत तीन थर. नऊवारी २७ फुटांची, तिच्यात पाच तुकडे, म्हणजे अडीच थर. वाई-पुण्याच्या थंडीला चार थर पुरतात, त्याला तीन सहावारी साड्या लागतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या ग्राहकांना सहा थर सुचवतो, त्याला चार. विरलेला भाग जाणार हे धरून एखादी जास्तीची आणावी.

डबल पलंगाला हिशेब सोपा आहे: जितके थर तितक्या साड्या. अमेरिकेतल्या मुलांसाठी शिवून घेणारे आईवडील 'क्वीन' मापाचं विचारतात. ती गादी ६० बाय ८० इंचांची असते, तिच्यावर आमची डबल गोधडी दोन्ही बाजूंनी खाली येईल इतकी मोठी होते. पण चार थरांचीच करा. विमानाच्या बॅगेत वजन होतं आणि तिकडे घरात हीटर असतो. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, गोधडीचं माप घेताना मात्र आधी पाय पाहावे. सहा फुटी मुलासाठी सांगत असाल तर लांबी साडेसात फूट करून घ्या, आणि हे शिवायला घेण्याआधी सांगा, नंतर नाही.

बाळाच्या दुपट्याला एक मऊ साडी पुष्कळ झाली. तीन बाय तीनचे पाच थर तिच्यातूनच निघतात, आम्ही त्यातले तीन किंवा चारच वापरतो. बारशाला द्यायचं असेल तर पणजीचं किंवा आजीचं लुगडं आणायची रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे, कारण त्याहून मऊ कापड घरात नसतं. दुपट्यावर आम्ही टिकल्या, मणी, बटणं, लोंबते गोंडे लावत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि तान्ह्याच्या अंगावर घालण्यापेक्षा ते खाली अंथरा. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्या तोंडावर सरकू शकेल असं सुटं पांघरूण नसावं.

शिवण कशी होते, आणि वेळ का लागतो

आलेलं कापड आम्ही पुन्हा धुतो, वाळवतो, फॉल आणि जुने पिको उसवतो. मग जाऊबाई साडी कात्रीने नुसती टचकावून हाताने फाडतात. फाडलेलं कापड धाग्यात सरळ फाटतं, कापलेलं तिरकं जाऊ शकतं. जमिनीवर अस्तर ताणून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायची, त्यावर एकेक थर हाताने सपाट करत जायचं. जोडाच्या शिवणी एकावर एक येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर पाठीखाली दोरी आल्यासारखं टोचतं. सासूबाई इथेच अर्धा दिवस घालवतात. मधून कडेकडे लांब कच्चे टाके घालून थर बांधून टाकले की गोधडी उचलता येते.

धावदोरा कडेने सुरू होतो आणि चौकोनात फिरत फिरत आत मधोमध येतो. दोन ओळींमध्ये बोटभर अंतर. दोरा जाड, सुती, मेणावरून ओढलेला. पाच बाय सातच्या गोधडीत बोटभर अंतराने या ओळींची लांबी ५५० फुटांच्या पुढे जाते. इंचाला तीन टाके धरले तर २०,००० टाके होतात, आणि ते सहा थरांतून आरपार जायचे असतात. अंगुस्तान घालूनही बोटाला घट्टे पडतात. दर जास्त का, याचं उत्तर एवढंच आहे.

मशीनवर का नाही, असं विचारलं जातं. वसतिगृहात जाणाऱ्या मुलासाठी मशीनची गोधडी वाईट नाही. पटकन होते आणि स्वस्त पडते. पण मशीनचा टाका थरांना आवळून धरतो, गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. हाताच्या टाक्यात दोऱ्याला किंचित सैल जागा असते, म्हणून धुतल्यावर कापडावर बारीक लाटा उठतात, त्यांत हवा राहते आणि तीच ऊब देते. आत कापूस नसतो. कापसाची हवी असेल तर ती रजई, त्यासाठी पिंजाऱ्याकडे जावं लागेल.

मोबाइलवर चित्रं दाखवून 'अशी करा' म्हणणारेही येतात. बंगालच्या कांथा गोधड्यांसारखी चित्रं आम्हाला जमत नाहीत. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका जी कवंदी शिवतात, ती मात्र आपल्या गोधडीच्या जवळची आहे: रंगीत ठिगळं, कडेकडून आत येणारा धावदोरा, आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुलं. तशी फुलं माझी मुलगी शिकली आहे. हवी असतील तर सांगा, वेगळे पैसे नाहीत.

आईच्या साड्या

आमच्याकडे येणाऱ्या गाठोड्यांत अशी गाठोडी पुष्कळ असतात. त्यात घाई करू नये, एवढंच आमचं सांगणं. भावंडं असतील तर साड्या आणण्याआधी आपसांत बोलून घ्या. एकाच साडीचे तुकडे सगळ्यांच्या गोधड्यांत वाटून घालता येतात. एका नऊवारीच्या काठातून चार गोधड्यांना कड लागलेली आहे. पण एकदा फाडलेली साडी जोडून परत देता येत नाही.

'धुऊ नका, तिचा वास राहू द्या' असं काही जण सांगतात. न धुतलेलं कापड आम्ही गोधडीत घालू शकत नाही, त्यात खळ आणि घाम राहतो आणि कसर लागते. त्याऐवजी पदराचा हातभर तुकडा न धुता वेगळा काढून, सुती पिशवीत घालून परत देतो. तो कुठल्या साडीचा हवा ते येताना ठरवून या. पदरात गाठ मारलेल्या चिल्लर, साडीच्या घडीत ठेवलेल्या नोटा, देवाचा अंगारा, पिना, औषधाची चिठ्ठी, जे काही सापडेल ते पाकिटात घालून नावानिशी ठेवलेलं असतं. न्यायला आलात की मागून घ्या.

जुनी गोधडी दुरुस्तीला

वरचा थर विरला म्हणून गोधडी टाकू नका. वरून नवी साडी चढवून पुन्हा धावदोरा घातला की ती आणखी कितीतरी वर्षं चालते. घरोघरी पूर्वी असंच करत, म्हणून जुन्या वाकळा इतक्या जड असतात. मात्र आणण्याआधी धुऊन, कडकडीत ऊन दाखवून आणा. ढेकूण असलेली गोधडी उंबऱ्याच्या आत घेतली जात नाही, यात भीडभाड नाही.

धुणं आणि ठेवणं

आपल्याकडे घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची रीत आहे. गोधडीला वर्षातून तेवढं एक धुणं आणि उन्हाळ्यात आणखी एक, असं पुरतं. एरवी ऊन दाखवायचं आणि झटकायचं. थंड पाणी, सौम्य साबण, अर्ध्या तासापेक्षा जास्त भिजवायचं नाही. सोडा, ब्लीच नको. लाकडी धोपटण्याने बडवू नका, पायाने तुडवा. पाणी पिऊन गोधडी दुप्पट-तिप्पट जड होते, आणि टाके तुटतात ते याच वेळी. एका टोकाला धरून उचलू नका, खालून दोन्ही हात घाला. एकाच दोरीवर लोंबकळत ठेवली तर मधल्या ओळी ताणून तुटतात, म्हणून दोन-तीन दोऱ्यांवर पसरून किंवा गच्चीच्या कठड्यावर उलटी करून वाळवा. परदेशातल्या मशीनमध्ये हलक्या फेरीवर धुतलेली चालते, ड्रायरमध्ये घालू नका.

पुरती वाळल्याशिवाय घडी नको, कुबट वास बसला की निघत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड घडीत ठेवा. डांबरगोळ्यांचा वास कापडात मुरतो. हवा काढून घेणारी प्लास्टिकची पिशवी प्रवासापुरती ठीक. कपाटात सुती कापडातच बांधून ठेवा.

एखादी ओळ सुटली तर ओढू नका, कापू नका, तशीच आणून द्या. पहिल्या वर्षात सुटलेल्या धावदोऱ्याचे पैसे घेत नाही.

पाच बाय सातच्या गोधडीला साधारण तीन आठवडे धरा. आषाढ-श्रावणात धुतलेलं कापड वाळत नाही, तेव्हा महिन्याच्या वर जातं. दिवाळीला हवी असेल तर साड्या गणपतीआधी द्या. गणपतीचे दिवस आणि लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत काम बंद असतं. घेऊन जाताना उरलेलं कातरण आणि काठ वेगळ्या पिशवीत मिळतील. नको असतील तर तिथेच सांगा, त्याची आम्ही पायपुसणी करतो.